जत्रेपासून दीड महिना

"सासूबाई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा," मुलाणी सिस्टर म्हणाल्या.

"बाहीर का म्हनून?" आत्याबाई खुर्चीत आणखी रेलून बसल्या. "माझ्याच घरची हाय न्हवं ती?"

"तुमच्याच घरची. पण पहिल्या तपासणीला मी प्रत्येकीला एकटीलाच विचारते. सख्खी आई आली तरी बाहेर बसवते."

"मी चार बाळंतपनं काडली. येकदाबी मला कुनी काय विचारलं न्हाई."

"तेच तर," सिस्टर म्हणाल्या आणि हसल्या. आत्याबाईंना हसू आलं नाही, पण त्या उठल्या. पदर सावरत बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दार सिस्टरांनी लोटून घेतलं.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. आमच्या पळसखडीचं उपकेंद्र तेव्हा ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. एका खोलीत औषधांचं कपाट आणि खाट, दुसऱ्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि वजनकाटा. सिस्टर रोज असायच्या, पण पोटुशा बायकांची तपासणी मंगळवारी. मला सकाळी उठल्यापासून उलट्या होत होत्या, पोटात पाणी ठरत नव्हतं, म्हणून आत्याबाई स्वतःच मला घेऊन आल्या होत्या. एरवी तिसरा महिना सरल्याशिवाय आमच्याकडे कुणी बोभाटा करत नाही.

मी घाबरले होते. वाटलं होतं, खाटेवर झोपवतील, पोट दाबतील. तसं काही झालं नाही. आधी उंची मोजली, मग वजन. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. एक छोटी बाटली हातात देऊन मागच्या मोरीत पाठवलं. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. "रक्त कमी आहे, पण फार नाही," त्या म्हणाल्या. "रक्तगट विट्याला पाठवून बघू."

"बाळाचं ऐकू येतं का आता?" मी विचारलं.

"काय?"

"ठोके."

"अगं, एवढ्यात कुठलं! अजून माझ्या हाताला पोटसुद्धा लागायचं नाही. पुढच्या खेपांना ऐकवीन. आज नुसतं विचारायचं आणि लिहायचं काम."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. आधी कधी दिवस राहिले होते का? नवरा नात्यातला आहे का? घरात कुणाला साखर, रक्तदाब, झटके? जुळं? कधी ऑपरेशन? कुठल्या गोळ्या चालू? मग आवाज थोडा खाली आणून त्यांनी विचारलं, घरात कुणी हात उगारतं का? पोटभर जेवायला मिळतं का? मूल हवंय ना तुला? हे शेवटचं मला लग्नानंतर कुणी विचारलेलं नव्हतं. मी मान हलवली, तर म्हणाल्या, "तोंडानं सांग." मी म्हणाले, "हवंय."

"शेवटची पाळी कधी आली होती?"

तो दिवस मला पक्का आठवत होता. माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, मिरजेजवळ, माझ्या माहेरी. वहिनी बाळंतीण म्हणून मी आठ-पंधरा दिवस मदतीला गेले होते. बारशाची सगळी तयारी मी केली, पाळणा मी सजवला, आणि ऐन सकाळी माझी पाळी आली. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं होतं. ते शेजारच्या मावशींनी सांगितलं, आणि मी परसात गोठ्याच्या कडेला बसून नुसता आवाज ऐकला. मी सिस्टरांना बारशाची तारीख सांगितली.

त्यांनी टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याचं एक गोल चक्र काढलं. एकात एक बसवलेली दोन वर्तुळं. आतलं वर्तुळ फिरवून त्यांनी एका तारखेवर नखानं टेकवलं आणि मग उलट्या बाजूला काहीतरी वाचलं.

"बोलाव सासूबाईंना आत."

आत्याबाई आल्या. सिस्टरांनी त्यांना काय खायला घालायचं ते सांगितलं. फुटाणे, शेवग्याचा पाला, गूळ-शेंगदाणे, सकाळी उठल्याउठल्या कोरडी भाकरी चावून खायची म्हणजे उमासे कमी येतात. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. तपासणीची कार्डं संपली होती, ती पुढच्या महिन्यात येणार होती. धनुर्वाताचं इंजेक्शन दंडात दिलं, आणि सुई काढताना त्या सहज बोलून गेल्या:

"आठ आठवडे झाले. दोन महिने भरले म्हणायचे."

"किती?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोन महिने."

"दोन?"

"हो, पूर्ण दोन. पुढच्या महिन्यात याच सुमाराला आणा." आणि बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या बाईला त्यांनी हाक मारली.

आता पळसखडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावचे निम्मे पुरुष गलाईवाले. सोनाराच्या दुकानातलं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्यासाठी ते कुठं कुठं पांगलेले. माझे यजमान मच्छिंद्र कोइमतूरला होते. वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला, सगळे परत यायचे. पंधरा-वीस दिवस गाव भरून जायचं आणि मग पुन्हा रिकामं. त्यामुळं आमच्याकडं पोटुशा बाईचे महिने एकाच ठिकाणाहून मोजायचे: जत्रेपासून. कुणाला विचारलं कितवा, तर "जत्रंपासनं चौथा" असं उत्तर यायचं. शाळेत पहिलीच्या वर्गात अर्ध्या मुलांचे वाढदिवस पुढच्या-मागच्या आठवड्यात असत. गुरुजी म्हणत, एकच पेढ्याचा पुडा आणून सगळ्यांचे साजरे करू.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मी माहेराहून परतले आणि संध्याकाळी मच्छिंद्र कोइमतूरहून आले. आम्ही उपकेंद्रात गेलो तेव्हा जत्रेला दीड महिना झाला होता.

मला मात्र त्या दिवशी यातलं काही सुचलं नाही. तोंडाला कोरड पडली होती, इंजेक्शननं दंड ठणकत होता. सिस्टर दोन महिने म्हणाल्या ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. घराकडं येताना आत्याबाई माझ्या पुढं चालत होत्या. उपकेंद्राकडं जाताना त्या सगळा रस्ता बोलत होत्या, कुणाच्या सुनेला कितव्या महिन्यात काय झालं ते. परतताना एक अक्षर नाही. त्यांचा उजवा हात पदराबाहेर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता. वर जायचा, परत खाली यायचा.

ओढ्याच्या अलीकडं त्या थांबल्या.

"वैजू."

"काय, आत्याबाई?"

"बारशाला म्हायेरी कोन कोन हुतं गं?"

"घरचेच. दादा, वहिनी, आई. मावशी. आणि दादाचा तो मित्र नाही का, अशोक, सुतारकाम करतो तो. पाळणा त्यानंच केला. लई छान केलाय, तिन्ही बाजूंना जाळी."

"रोज यायचा?"

"पाळणा होईपर्यंत रोज यायचा."

त्यांनी मान हलवली आणि चालू लागल्या.

घरी आलो तर रत्नाकाकी उंबऱ्यावरच बसलेल्या. नात्यानं चुलत सासू, घर शेजारी, आणि गावात काय चाललंय याची त्यांना उपकेंद्राच्याही आधी खबर.

"काय म्हनली नर्स? हाय न्हवं?"

"हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"कितवा?"

मी कौतुकानं सांगायला तोंड उघडलं, "सिस्टर म्हणाल्या, दोन..."

"तुला काय कळतंय?" आत्याबाई माझ्यावर एकदम खेकसल्या. "जा, पानी आन आदी." आणि काकींकडं वळून म्हणाल्या, "दीड म्हैना. जत्रंपासनं धर की. आनि कवापासनं धरनार?"

"मग काय तर," काकी म्हणाल्या. "आमच्या शोभीचंबी दीडच."

मी पाणी आणलं. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, त्या माझ्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. वाटलं, नर्सनं बाहेर बसवलं त्याचा राग माझ्यावर निघाला.

पण पुढचे दिवस तसे नव्हते. राग असता तर भांडी आपटली असती, टोमणे मारले असते. त्यांनी मला विहिरीवर जाऊ दिलं नाही. सकाळी मी उठायच्या आधी उशाशी कोरडी भाकरी ठेवलेली असायची. हरभरे भिजवून ठेवायच्या. फक्त माझ्याकडं बघायच्या नाहीत. ताट वाढायच्या आणि नजर चुलीकडं. उपकेंद्रात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा जुना पाळणा खाली काढून पुसायला घेतला होता. आल्यावर तो तसाच अर्धा पुसलेला पुन्हा माळ्यावर गेला.

शनिवारी दुपारी मच्छिंद्रचा फोन यायचा, बंडू वाण्याच्या दुकानात. आम्ही दोघी गेलो. नेहमीसारखा फोन आधी आत्याबाईंनी घेतला.

"हां, हां. नेली हुती. समदं चांगलं हाय. कवा म्हंजी? दीड म्हैना, जत्रंपासनं." मग त्या थांबल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नर्सनंबी तेवडंच सांगितलं. हां. दीडच."

त्या माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. दुकानात साबणाचा आणि रॉकेलचा वास होता. मला मळमळत होतं आणि मी त्यांच्या पाठीकडं बघत उभी होते, आणि तिथं मला ते कळलं. ओढ्याजवळचा प्रश्न कळला. बोटांची पेरं कळली. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा इथं नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मी माहेरी होते, आणि तिथं रोज एक माणूस पाळणा करायला यायचा.

आणि हे सगळं मनात धरून ही बाई स्वतःच्या मुलाशी माझ्यासाठी खोटं बोलत होती.

फोन माझ्या हातात आला तेव्हा मी नुसती 'हां, हां' करत राहिले. मच्छिंद्र हसून म्हणाले, "लाजतीयास व्हय?" मी म्हणाले, "हो." बंडू वाणीही हसला.

त्या रस्त्यानं परत येताना मला आधी संताप आला. असं वाटलंच कसं यांना? मग वाटलं, आताच्या आता थांबवून सांगावं. पण काय सांगायचं? मी तसं काही केलेलं नाही, असं? तसं म्हणजे कसं, असं त्यांनी विचारलं तर? त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलेलं नव्हतं. न केलेला आरोप नाकारायचा तर आधी तो मीच माझ्या तोंडानं करायला हवा होता. आणि तो एकदा घरात बोलला गेला की भिंतीपलीकडं रत्नाकाकी होत्या.

त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं. दोन महिने कसे झाले? सिस्टर चुकल्या का? मी सारखा तो प्रसंग आठवत राहिले, आणि मला ते चक्र आठवलं. त्यांनी नख टेकवलं होतं ते जत्रेच्या तारखेवर नाही. जत्रेचं त्यांनी काही विचारलंच नव्हतं. नख टेकवलं होतं बारशाच्या दिवसावर. पाळीच्या दिवसावर. आणि मी तो दिवस सांगितला तेव्हा आत्याबाई बाहेर बाकावर होत्या.

म्हणजे सिस्टर तिथून मोजत असाव्यात. असाव्यात. मी बारावी झालेली होते, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझा अंदाज चुकीचा असला तर? मग सिस्टरांच्या तोंडून आत्याबाईंसमोर जे निघेल ते मला परत गिळता येणार नव्हतं.

मी महिनाभर गप्प राहिले. तो महिना आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागलो.

दुसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरांनी वजन केलं, रक्तदाब बघितला, आणि सवयीनं आत्याबाईंना म्हणाल्या, "या वेळी तुम्ही बसलात तरी चालेल."

"मी बाहीरच बरी," आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या.

"थांबा ना आत्याबाई," मी म्हणाले. "मला सिस्टरांना एक विचारायचंय. तुम्ही इथं पाहिजे."

त्या उभ्याच राहिल्या. दाराला हात लावून.

"सिस्टर, तुम्ही हे आठवडे कुठून मोजता?"

"कुठून म्हणजे? तुझ्या पाळीपासून. तू सांगितलीस ना, भाच्याच्या बारशाची तारीख."

"म्हणजे मूल राहिलं तेव्हापासून नाही?"

"छे. मूल कुठल्या दिवशी राहिलं ते कोण सांगणार? बाईला आठवतो तो पाळीचा दिवस. म्हणून सगळीकडं तिथूनच धरतात. दिवस राहतात ते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी."

आत्याबाईंचा हात दारावरून खाली आला.

"बाई," त्या म्हणाल्या, "पुन्यांदा सांगा."

सिस्टरांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हातातलं काम बाजूला ठेवलं. वीस वर्षं गावोगावच्या सासवा-सुना बघितलेली बाई ती, तिला काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी खणातून चक्र काढलं आणि आत्याबाईंना जवळ बोलावलं.

"हे बघा. ही इथं पाळी आली. आम्ही मोजायला लागतो इथून. हा एक आठवडा, हा दुसरा. या दोन आठवड्यांत पोटात काही नसतं."

"काईच नसतं?"

"काहीच नाही. मूल राहतं ते इथं, पुढं."

"मग मोजता कशाला, काय नसतं तर?"

"कुठून तरी सुरुवात करायला लागते ना."

आत्याबाईंनी आपलं बोट त्या दोन आठवड्यांच्या जागेवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"म्हंजी हे दोन आठवडं कुनाचंच न्हाईत?"

"कुणाचेच नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता त्या माझ्याकडं बघतील. महिनाभर मी त्याचीच वाट बघत होते. पण त्या चक्राकडंच बघत होत्या.

"आनि हे समद्या बायकांचं असंच?"

"सगळ्यांचं. माझ्या दोन्ही वेळी माझंही असंच मोजलं."

"आनि पूर्वी? लई वर्सामागं? इट्याच्या सरकारी दवाखान्यातबी असंच मोजत हुते?"

"तेव्हाही असंच. डॉक्टरी हिशेब हाच."

आत्याबाई खुर्चीत बसल्या. पदरानं कपाळ पुसायला लागल्या. सिस्टरांनी मला माठातलं पाणी आणायला सांगितलं. पट्टा माझ्या दंडाचा सोडून त्यांच्या दंडाला बांधला. "सासूबाई, तुमचाच वाढलाय की," त्या म्हणाल्या. आत्याबाई पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवून म्हणाल्या, "चल."

रस्त्यावर आल्यावर मी घराच्या दिशेला वळले. त्या उलट दिशेला वळल्या, तिठ्याकडं, जिथं गावोगावची माणसं भरून नेणारी वडापची जीप थांबायची.

"आत्याबाई, कुठं?"

"खरसवाडीला. तुला गाडी सोसंल का? सावकाश हाकायला सांगू."

"तिथं कोण आहे?"

"आक्का," त्या म्हणाल्या. "माजी थोरली जाऊ."

त्यांना थोरली जाऊ होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांचे थोरले दीर त्रिचूरला असतात, बायको-मुलं तिकडंच, एवढंच मला माहीत होतं. तिकडची ती त्यांची दुसरी बायको, हे कुणी बोललं नव्हतं.

जीपमध्ये मागच्या बाजूला आम्ही दोघीच होतो. पुढं दोन शेळ्या आणि त्यांचा मालक. आत्याबाई रस्त्याकडं बघत बोलल्या.

"माझं लगीन होऊन सा म्हैनं झालं हुतं. सतरा-अठराची आसंन मी. आक्काला दिस गेलेलं, जत्रंपासनं तिसरा सरत आलेला. येक दिस तिच्या पोटात दुकाय लागलं, तर सासूबाईंनी मला संगं धाडली, इट्याला. डाक्टरनं तपासलं. आनि म्हनला, साडेतीन म्हैनं झालं, समदं झ्याक हाय, काळजी करू नगा. आमी दोगी खुशीत आलो. भजी खाल्ली बाजारात. घरी आल्याआल्या सासूबाईंनी इचारलं, काय म्हनला डाक्टर. आक्का हातपाय धूत हुती. मीच सांगितलं. साडेतीन म्हैनं झालं म्हनला म्हनून."

शेळी ओरडली. मालकानं तिला दाबून बसवलं.

"मला त्यातलं काय ठावं? मी हासत सांगितलं. सासूबाईंनी बोटं मोजली. तितं ओसरीवर चार जन बसलेले. त्येंच्यादेकत बोलल्या. संध्याकाळच्याला तिचा भाऊ येऊन घिऊन गेला."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, तिचं चुकलं." त्या पहिल्यांदाच माझ्याकडं वळल्या. महिन्यानंतर. "तुजंबी चुकलं, असंच वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पर येकदा आकडा घरात न्हेला हुता मी. पुन्यांदा न्हाई न्ह्यायचा, एवडं ठरवलं हुतं. मग पोर कुनाचं का आसंना."

रागवायचं की त्यांचा हात धरायचा, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही पूर्ण ठरवलेलं नाही. जीप खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांनी माझ्या पोटापुढं हात आडवा धरला आणि मी तो बाजूला केला नाही, एवढं खरं.

खरसवाडीत आक्कांचं घर शाळेच्या मागं होतं. एकटीचंच घर. भाऊ वारला होता, मुलगी जतला दिलेली. आक्का अंगणातली चूल सारवत बसल्या होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत शेणामातीत. आम्हाला बघून त्यांनी मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"आक्का, वळाकलंस का?"

"वळकाय काय झालं? म्हातारी झालीस."

"तूबी झालीस."

"मी कवाच." त्या चुलीकडं वळल्या. "बसा. हात भरल्यात माजं. पानी त्या घागरीतलं घे तुज्या हातानं. ही कोन?"

"मच्छिंद्राची बायकू. हिला काय तरी सांगायचंय."

पण त्याआधी आत्याबाई कुंपणापाशी गेल्या आणि शेजारच्या घरात शेंगा निवडत बसलेल्या बायकांना त्यांनी हाक मारली. "ओ बाय, जरा हिकडं येता का? समद्याजनी या."

"त्यास्नी कशाला?" आक्का म्हणाल्या.

"तवा चार जनांदेकत झालं हुतं. आताबी चार जनांदेकत हुंदे."

आक्कांचा हात चुलीवर थांबला. बायका आल्या, पदर खोचत, काय झालं म्हणत. आत्याबाईंनी मला पुढं केलं. "सांग. नर्सबाईनं दावलं तसं सांग. मला नीट सांगाय यायचं न्हाई."

माझ्याकडं चक्र नव्हतं. मी अंगणात काडीनं रेघ ओढली. इथं पाळी. इथून डॉक्टर मोजतात. हे दोन आठवडे रिकामे. इथं दिवस राहतात. माझंच उदाहरण दिलं: जत्रेपासून दीड महिना झाला होता, नर्स दोन म्हणाली, आणि दोघीही बरोबर होत्या. बायका रेघेवर वाकून बघत होत्या. एकजण म्हणाली, "आगं बया, म्हनूनच माज्या सुनंचंबी जास्तीचं निगालं हुतं व्हय!" दुसरी तिला गप्प म्हणाली.

आक्का रेघेकडं बघत नव्हत्या. त्या आत्याबाईंकडं बघत होत्या.

"मला ठावं न्हवतं, आक्का," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा पदर तोंडाला लागला होता.

"तुला कुटनं ठावं आसंल?" आक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. चुलीचा कोपरा त्यांनी अंगठ्यानं गोल केला. "मला ठावं हुतं."

"काय? ह्यो हिशेब?"

"हिशेब न्हाई गं. माजं मला ठावं हुतं." त्यांनी शेणामातीचा हात टोपल्यात बुडवला. "तुला सांगितलंबी हुतं. गोठ्यात. त्या दिशी, माजा दादा न्ह्यायला यायच्या आदी."

"सांगितलं हुतंस," आत्याबाई म्हणाल्या.

आक्कांनी चूल पुरी केली. कड सारखी केली, मागं सरून एकदा बघितली. मग घागरीजवळ जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओले, गार हात त्यांनी माझ्या दोन्ही गालांना लावले.

"कितवा गं, पोरी?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. सवय झाली होती तशी.

"तिसरा सरला," आत्याबाई म्हणाल्या. कुंपणापलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "नर्सबाईच्या हिशेबानं."